पोर्तुगालमधील एक गाव आणि त्याचा पाणवठा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा आम्ही बोनसवर किंवा नव्या कामगार कायद्यांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही एका परदेशी गावाच्या जुन्या इमारतींवर बोलणार असे कळविले, तेव्हा त्यांना थोडे नवल वाटले. वाटणे साहजिक आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतील कपाटापुढे जास्त झाले. वास्तुशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. परंतु इमारत ही हातांनी बांधली जाते, आणि हातांविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार आमच्याकडे आहे, असे आम्ही समजतो.

काही वर्षांपूर्वी कामगारांच्या एका बैठकीच्या निमित्ताने आमचे लिस्बनला जाणे झाले. बैठक संपल्यावर दोन दिवस हाताशी राहिले. लोक अशा वेळी समुद्रकिनारा पाहतात. आम्ही पूर्वेकडची बस धरली आणि स्पेनच्या हद्दीलगतच्या कास्तेलो द व्हीद या गावी गेलो. तेथेच का, हे पुढे सांगू. तूर्त एवढेच म्हणतो की, त्या गावात जन्मलेल्या एका माणसाचे आमच्या मुंबईवर आणि गोव्यावर थोडे देणे-घेणे राहिले आहे.

गाव अलेंतेजो प्रांतात आहे. अलेंतेजो म्हणजे तेजो नदीपलीकडचा मुलूख. हा मुलूख बहुतेक सपाट, उन्हाने भाजलेला, गव्हाच्या मोठमोठ्या जमीनदारींचा आणि बुचाच्या झाडांचा. बुचाच्या झाडाची साल एकदा काढली की पुन्हा काढायला नऊ वर्षे थांबावे लागते. पण ईशान्येच्या कोपऱ्यात साओ मामेदची डोंगररांग उठते. तिचे सर्वांत उंच टोक एक हजार मीटरांच्या वर आहे. तेथे पाऊस बरा पडतो, झरे वाहतात, झाडी दाट आहे. त्या डोंगराच्या एका सोंडेवर पांढऱ्या चुन्याने सारवलेल्या घरांचे हे गाव बसले आहे. सारा तालुका धरला तरी लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास. आपल्याकडची एखादी मोठी चाळवस्ती यापेक्षा जास्त भरेल.

त्या मुलखात माणूस फार जुना आहे. गावाबाहेर मेआदा नावाच्या ठिकाणी ग्रॅनाइटचा एकच उभा दगड आहे, सात मीटरांहून उंच. इतिहासपूर्व काळातील माणसांनी तो घडवून उभा केला. पुढे तो मोडून पडला होता. 1993 साली पुन्हा उभा करण्यात आला. त्यावर अक्षर नाही, नाव नाही. कोणत्या देवासाठी, कोणत्या राजासाठी, काहीच लिहिलेले नाही. फक्त एवढे दिसते की, पुष्कळ माणसांनी एकाच वेळी, एकाच हाकेवर दोर ओढल्याशिवाय हे काम होणे शक्य नव्हते. आम्हा युनियनवाल्यांना एवढा मजकूर पुरेसा आहे.

नावाची इमारत पुढे येते. गावाच्या माथ्यावर किल्ला आहे. दिनिस राजाने, म्हणजे 1279 ते 1325 या काळात राज्य केलेल्या राजाने, त्याचे काम चालविले आणि त्याच्या मुलाच्या वेळी ते पुरे झाले. स्पेनची हद्द हाकेच्या अंतरावर, तेव्हा किल्ला हवाच. तटाच्या आत जुनी वस्ती अजून आहे. अरुंद गल्ल्या, दाराशी फुलांच्या कुंड्या, आणि कित्येक घरांना टोकदार कमानींचे घडीव दगडी दरवाजे. घर दोन खणांचे, आत बहुधा अंधार, पण दरवाजा मात्र असा की एखाद्या सरदाराने हेवा करावा. गरिबाने आपल्या दाराच्या चौकटीवर पाथरवटाचे एवढे काम करून घ्यावे, यात आम्हाला मोठी गोष्ट दिसली. पोट अर्धे असले तरी माणूस उंबरठ्याची अब्रू सोडीत नाही.

किल्ल्यावरून उतार लागतो. त्या उतारावर यहुद्यांची आळी आहे. मध्ययुगात येथे यहुदी कारागीर, व्यापारी आणि वैद्य राहत. 1492 साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर काढले, तेव्हा हजारो कुटुंबे हद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आली, आणि हद्दीवरचे हे गाव त्यांच्या वाटेवरच होते. आळीत त्यांचे लहानसे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. बाहेरून ते शेजारच्या घरांसारखेच घर दिसते; आत त्यांचा धर्मग्रंथ ठेवण्याची जागा आहे. काही घरांच्या दाराच्या दगडी चौकटीत बोटभर खाच दिसते. तेथे प्रार्थनेच्या ओळी लिहिलेली गुंडाळी बसवीत, आणि घरात जाता-येता तिला हात लावून नमस्कार करीत. गुंडाळ्या गेल्या, माणसे गेली, खाचा राहिल्या.

आळीतून जी गल्ली खाली जाते, तिचे नावच पाणवठ्याची गल्ली असे आहे. ती जेथे संपते, तेथे लहानसा चौक लागतो, आणि चौकाच्या मधोमध ‘फोंत द व्हीला’, म्हणजे गावाचा पाणवठा.

कारंजे म्हटले की आपल्यापुढे बागेतले उडते पाणी उभे राहते. पोर्तुगालच्या गावातील ‘फोंत’ तशी नव्हे. ती चैनीची वस्तू नाही, ती गरजेची वस्तू आहे. डोंगराच्या पोटातला झरा दगडी नळीने आणून हौदात सोडावयाचा, माणसांसाठी तोट्या, आणि पुढे गुरांसाठी व धुण्यासाठी टाकी, अशी तिची रीत. नळ घरोघर येईपर्यंत गावाचा दिवस येथेच उगवत असे आणि येथेच मावळत असे. कास्तेलो द व्हीदची ही फोंत सोळाव्या शतकातील आहे. चौकोनी हौद, त्याच्या कडेने सहा संगमरवरी खांब, खांबांवर निमुळते छप्पर, आणि मध्ये कोरीव काम केलेला दगडी ठोकळा, ज्यातून पाण्याच्या धारा पडतात. काम नाजूक आहे, पण भपकेबाज नाही. हौदाच्या कडेला हात लावून पाहिला. दगड गुळगुळीत झाला आहे. तो पाथरवटाच्या पटाशीने झालेला नव्हे. चारशे-साडेचारशे वर्षे घागरी टेकवून टेकवून झालेला आहे. त्या झिजेवर कुणाचेही नाव नाही, आणि आमच्या मते त्या चौकातला सर्वांत खरा शिलालेख तोच.

आता येथे थोडे थांबावे लागेल. हा पाणवठा तिसऱ्या जॉन राजाच्या अमदानीतला मानतात. त्याने 1521 ते 1557 राज्य केले. या राजाच्या बापाने, म्हणजे मानुएल राजाने, स्पेनची राजकन्या वरण्याच्या घाईत 1496 च्या डिसेंबरात यहुद्यांना हद्दपारीचा हुकूम काढला, आणि 1497 साली हद्दपारीऐवजी सक्तीने सर्वांचा बाप्तिस्मा उरकला. म्हणजे कागदोपत्री पोर्तुगालमध्ये यहुदी उरलाच नाही. उरले ते ‘नवे ख्रिस्ती’. आणि 1536 साली तिसऱ्या जॉननेच आपल्या राज्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माची चौकशी करणारे न्यायासन, आणले. ज्या राज्यात गावाला पाणी मिळाले, त्याच राज्यात गावाच्या उरावर हे बसले.

या न्यायासनाची कामाची पद्धत कशी होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ते पोलिसांवर चालत नसे, शेजाऱ्यांवर चालत असे. चर्चमध्ये जाहीरनामा वाचून दाखवीत आणि छुप्या यहुद्याची लक्षणे सांगत. शनिवारी धुतलेले कपडे घालतो का? डुकराचे मांस टाळतो का? शुक्रवारी सांजेला दिवा लावतो का? ज्याने पाहिले असेल त्याने येऊन सांगावे. न सांगणे हेच पाप. आता सांगा, कुणाच्या घरचे कपडे कोणत्या वारी धुतले जातात, हे गावात कोठे कळते? पाणवठ्यावर कळते. जेथे बायका एकमेकींच्या डोक्यावर घागर चढवून देतात, तेथेच एकमेकींच्या धुण्याकडे डोळा लावून बसण्याची पाळी या लोकांनी आणली. पाणी एकच, हौद एकच, गल्ली एकच, आणि तरीही शेजारणीच्या ओल्या चादरीवरून तिचा जीव जाऊ शकत होता.

आम्ही ज्या प्रदेशातून आलो, तेथे पाण्याला हात लावण्यासाठी 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला. त्यामुळे पाणवठ्यावर माणुसकीची परीक्षा होते, हे आम्हाला कुणी शिकवावे लागत नाही. तिकडचे दुःख निराळ्या जातीचे होते. आपल्याकडे माणसाला पाण्यापासून दूर ठेवले. तिकडे पाणी भरू दिले आणि भरणाऱ्यावर पाळत ठेवली. कोणते अधिक वाईट, याचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

आता आम्ही त्या गावी का गेलो, ते सांगतो. स्पेनमधून आलेल्या अशाच एका यहुदी कुटुंबात, याच गावी, 1501 च्या सुमारास गार्सिया द ओर्ता जन्मला. हद्दीपलीकडे स्पेनच्या विद्यापीठांत तो वैद्यक शिकला, परत येऊन काही काळ याच गावात त्याने वैद्यकी केली, मग लिस्बनला गेला, आणि 1534 साली गलबतात बसून गोव्याला आला. पुन्हा मायदेशी गेला नाही. गोव्यात तो गव्हर्नरांचा वैद्य होता, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती, आणि मुंबईचे बेट त्याला वार्षिक खंडाने मिळाले होते. आज जेथे फोर्टात नौदलाचा तळ आहे, त्या बाजूस त्याचा वाडा आणि बाग होती, असे इतिहासकार मानतात. आपल्या मुंबईच्या बेटावर वर्षातून दोनदा फळणारा आंबा आहे, असे त्याने मोठ्या अभिमानाने लिहून ठेवले आहे. घारापुरीच्या लेण्यांचे युरोपियन माणसाने केलेले एक अगदी जुने वर्णनही त्याचेच.

त्याचे पुस्तक 1563 साली गोव्यात छापले गेले. आपल्याकडच्या वनस्पती आणि औषधे यांवरील ते संवाद आहेत. आंबा, फणस, जांभूळ, नारळ, विड्याचे पान, सारे त्यात आहे. ग्रीकांच्या जुन्या ग्रंथांत काय लिहिले आहे यापेक्षा मी डोळ्यांनी काय पाहिले, हे सांगण्याची त्याची हिंमत मोठी. पण त्या पुस्तकात आमचे लक्ष निराळ्याच माणसाकडे गेले. वैद्यांची चर्चा चालली असता मध्येच अंतोनिया नावाची घरची दासी येते आणि हवी ती फांदी, हवे ते फळ आणून देते. वैद्य बोलतो, अंतोनिया वेचून आणते. तिच्याविषयी जास्त काही कळत नाही. दगड असो की पुस्तक असो, नाव एकाचे आणि खटपट अनेकांची, हा जगाचा जुना रिवाज आहे.

ओर्ता 1568 साली वारला, तो बिछान्यावर. न्यायासन गोव्यात 1560 सालीच येऊन पोहोचले होते. त्याच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याबद्दल गोव्यात जिवंत जाळले. आणि 1580 साली ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. ज्याने आपल्या मुलखातल्या झाडापानांची ओळख युरोपला करून दिली, त्याला मातीतदेखील जागा ठेवली नाही. आज पणजीच्या एका सार्वजनिक बागेला त्याचे नाव आहे. माणसाला छळून झाल्यावर बागेला नाव देणे सोपे असते, हे खरे. पण तेवढे तरी झाले.

पाणवठ्यावरून आम्ही पुन्हा वर चढलो आणि मोठ्या चौकात आलो. तेथे सांता मारिया द देव्हेसा हे चर्च आहे. त्या भागातील मोठ्या चर्चांत त्याची गणना होते. त्याचे काम 1789 साली सुरू झाले आणि 1873 साली संपले. चौऱ्याऐंशी वर्षे! ज्या गवंड्याने पाया भरला त्याने कळस पाहिला नाही, त्याच्या पोरानेही बहुधा पाहिला नसेल. आपण संप पुकारतो आणि पंधरा दिवसांत निकाल लागला नाही की लोक विचारतात, ‘साहेब, होणार काय?’ त्यांना आम्ही हे चर्च दाखवू इच्छितो. जे काम आपल्या हयातीत संपणार नाही, त्याचा दगड ओळंब्यात लावणे, यालाच आम्ही संघटना म्हणतो.

त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आगेमागे या गावाने देशाला आणखी एक माणूस दिला. मोझिन्यो द सिल्व्हेरा, जन्म 1780. हा कायदेपंडित होता. 1832 साली यादवी युद्ध चालू असताना त्याने असे कायदे लिहिले की, चर्चने शेतकऱ्याकडून घेण्याचा दशमांश बंद झाला आणि जुन्या सरदारी हक्कांची मुळे उखडली गेली. अझोर्सपैकी कॉर्व्हो या चिमुकल्या बेटावरील लोकांचा जुलमी खंड त्याने हलका केला होता. मरतेवेळी त्याने इच्छा लिहून ठेवली की, आपल्याला त्या बेटावर पुरावे, नाहीतर मार्जेम या खेड्यात. कारण तेथले लोक उपकार विसरले नाहीत. राजधानीतला थाट त्याने मागितला नाही, कृतज्ञ माणसांचा शेजार मागितला.

आणि तिसरा माणूस आमच्या फार जवळचा. सालगेरो माया, जन्म 1944, बाप रेल्वेत कामगार. त्या वेळी पोर्तुगालवर सालाझारची हुकूमशाही होती. 1933 च्या कायद्याने स्वतंत्र कामगार संघटना बंद पाडून सरकारी संघटना उभ्या केल्या होत्या. तरीही अलेंतेजोच्या शेतमजुरांनी 1962 साली संप करून आठ तासांचा दिवस मिळविला. त्याआधी, 1954 साली, कातारिना एउफेमिया ही कापणी करणारी बाई मजुरी वाढवून मागताना लेफ्टनंटच्या गोळीने पडली होती. याच राजवटीच्या तुरुंगांत आणि गोळ्यांपुढे गोव्याच्या मुक्तीसाठी गेलेले आपले 1955 चे सत्याग्रही उभे राहिले, हे या सभागृहातील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. आमच्या आधीच्या पिढीतील कितीतरी कामगार त्यांत होते.

25 एप्रिल 1974 च्या पहाटे कॅप्टन माया सांतारेंच्या छावणीतून आपले जवान व रणगाडे घेऊन लिस्बनला निघाला. दुपारी त्याने कार्मो चौकातील बराकीला वेढा दिला. आत सालाझारचा वारस कायतानो अडकून होता. संध्याकाळी तो शरण आला. लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल फुले खोवली. अट्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही एका दिवसात कोसळली, आणि त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला नव्या पोर्तुगालने नवी दिल्लीत करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. गोवा 1961 सालीच मुक्त झाला होता. पण कागदावर सही करावयास या गावच्या रेल्वे कामगाराच्या मुलाला रस्त्यावर यावे लागले. मायाने पुढे पद घेतले नाही. 1992 साली तो वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे कास्तेलो द व्हीदच्या दफनभूमीत, जमिनीलगतच्या साध्या थडग्यात त्याला ठेवले आहे. दिनिस राजाच्या किल्ल्यात 2021 साली त्याच्या नावाचे नागरिकत्वाचे घर उघडण्यात आले. राजाच्या किल्ल्यात रेल्वे कामगाराचा मुलगा! इमारतीचा उपयोग बदलता येतो, हे आम्हाला त्यातून शिकावयास मिळाले.

शेवटची गोष्ट सांगतो आणि बसतो. 1989 च्या मार्चमध्ये पोर्तुगालचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मारियो सोआरेस या गावी आले आणि यहुद्यांवर झालेल्या छळाबद्दल त्यांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली. राजधानीत मागता आली असती. ते याच गावी आले, कारण येथे त्या छळाची साक्ष उभी होती. प्रार्थनामंदिर पाडून त्या जागी कुणी नवे घर बांधले असते, चौकटींच्या खाचा सिमेंटने बुजविल्या असत्या, तर क्षमा कशापुढे मागावयाची? आज ते मंदिर गावाने संग्रहालय म्हणून जपले आहे. ईस्टरच्या आदल्या शनिवारी त्या मोठ्या चर्चपुढे धनगर आपली कोकरे आशीर्वादासाठी आणतात, रात्री गुरांच्या घंटा वाजवीत सारे गाव फिरते. घरोघरी बोलेमा नावाची बिनखमिराची चपटी पोळी भाजतात. यहुद्यांच्या वल्हांडणातही कोकरू आणि बिनखमिराची भाकरी असते. लोक म्हणतात, ती जुनी आठवणच ख्रिस्ती सणात जाऊन बसली. हुकमाने नाव बदलता येते. हाताची सवय बदलता येत नाही.

जुन्या इमारती जपाव्या त्या त्यांच्या सौंदर्यासाठी, असे शिकलेले लोक म्हणतात. ते बरोबरच आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालतो की, त्या साक्षीदार म्हणून जपाव्या. आपल्याकडे जुना पाणवठा बुजवून त्यावर गाळे काढतात, गिरणी पाडून मनोरा उभा करतात, आणि मग त्या जागी कुणी घाम गाळला, कुणावर अन्याय झाला, हे विचारावयास दगडही शिल्लक राहत नाही. साक्षीदार नाहीसा झाला की खटला आपोआप निकालात निघतो, हे आम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवून शिकलो आहोत.

निघताना आम्ही पाणवठ्याच्या धारेखाली ओंजळ धरली. तेथे एक वृद्ध गवंडी फरसबंदीचे सुटलेले चिरे हातोडीने ठोकून बसवीत होता. आम्ही हिंदुस्थानातून, मुंबईकडून आलो, असे बरोबरच्या मित्राकरवी त्याला सांगितले. त्याने हातोडी खाली ठेवली, हात पुसला, आणि म्हणाला, ‘आमचा डॉक्टर तिकडेच गेला होता.’ सुमारे पाचशे वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेल्या आणि ज्याची हाडेही जाळली गेली त्या माणसाला, तो गवंडी ‘आमचा’ म्हणत होता. मग त्याने हातोडी उचलली आणि पुढचा चिरा बसविला.